खंडेराव गायकवाड : कापसाचा पैसा आणि दक्षिणेचा तारा

बडोद्यातील दांडिया बाजार ओलांडून राजमहाल रस्त्याकडे निघाले की खंडेराव मार्केटची भव्य इमारत नजरेत भरते. दर्शनी भागात महापालिकेची कार्यालये आणि मागे भाजी-फुलांचा बाजार असा तिचा थाट आहे. महाराजा सयाजीराव तिसरे यांनी १९०६ साली ही वास्तू उभारली आणि तिला आपल्या दत्तक पित्याचे नाव दिले. दांडिया बाजार ही बडोद्यातील जुनी मराठी वस्ती. सरदार-मानकऱ्यांचे वाडे येथे होते, आखाडे होते. दिवाण भाऊ तांबेकरांचा भित्तिचित्रांनी नटलेला वाडा याच परिसरात अजून उभा आहे. ज्या राजाचे नाव या बाजारपेठेला मिळाले, त्याने स्वतः मात्र बाजारपेठा बांधण्यापेक्षा हिरे विकत घेण्यात अधिक रस घेतला. खंडेराव गायकवाड यांची ओळख इतिहासाने ठेवली ती मुख्यतः त्यांच्या जवाहिरखान्यामुळे. त्या जवाहिरखान्यामागचा हिशोब मात्र फारसा मांडला जात नाही.

खंडेरावांचा जन्म १८२८ सालचा. वडील सयाजीराव दुसरे गादीवर होते आणि राज्य सावकारांच्या कर्जात बुडालेले होते. हरिभक्ती, गोपाळराव मैराळ, सामळ बेचर या पेढ्यांनी दरबाराला लाखो रुपये दिलेले होते आणि त्या कर्जाला इंग्रजांची हमी होती. परतफेड वेळेवर होत नाही, असे कारण दाखवून मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी त्याच १८२८ साली गायकवाडांचे काही महाल आपल्या ताब्यात घेतले. ते परत मिळायला १८३२ साल उजाडले. जमीन हे राजाचे खरे धन, हा समज अशा घरात वाढणाऱ्या मुलाच्या मनात टिकणे अवघडच होते. महाल जप्त होतो, वसुली अडवली जाते. पण पेटीतले रत्न कोणाच्या हमीपत्रात सापडत नाही. ते अंगावर घालता येते, अडीनडीला गहाण टाकता येते आणि एका रात्रीत दुसऱ्या गावी नेता येते. खंडेरावांच्या पुढच्या हौसेचे मूळ केवळ विलासी स्वभावात शोधणारे चरित्रकार हा धागा सोडून देतात, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

थोरले बंधू गणपतराव १८५६ साली औरस पुत्राविना निवर्तले आणि खंडेराव गादीवर आले. पुढच्याच वर्षी उत्तर हिंदुस्थान पेटला. खंडेरावांनी इंग्रजांची बाजू धरली आणि गुजरात शांत राहिला. या निष्ठेचे मोल रोखीत मिळाले. गुजरात इरेग्युलर हॉर्स या घोडदळासाठी दरबार दरसाल ३ लाख रुपये भरत असे, ती रक्कम माफ झाली. मोरचेलांचा मान मिळाला, दत्तकाची सनद आली, स्टार ऑफ इंडिया हा किताबही आला. त्यांच्या कारकिर्दीच्या जमेच्या बाजूला आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. डभोई ते मियागाम ही अरुंद मापाची रेल्वे १८६२ साली त्यांनी बांधली. हिंदुस्थानातील त्या प्रकारची ही पहिली रेल्वे. तिचे डबे प्रथम बैल ओढत असत.

शरीराने धिप्पाड, शिकारीचे वेडे आणि कुस्तीचे आश्रयदाते असा हा राजा होता. फ्रेंच प्रवासी लुई रूसले साठच्या दशकाच्या मध्यास त्यांचा पाहुणा म्हणून बडोद्यात राहिला. त्याने हत्तींच्या झुंजींची आणि मुठीत शिंगाची नखे बांधून लढणाऱ्या मल्लांच्या जीवघेण्या कुस्तीची जी वर्णने लिहिली, ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. मकरपुऱ्याला खंडेरावांनी शिकारीच्या सोयीचा राजवाडा बांधला. चांदीच्या तोफा त्यांच्याच. पुढे धाकट्या मल्हाररावांनी त्यांच्यावर ताण म्हणून सोन्याच्या ओतवल्या.

या सगळ्याला पैसा कोठून आला? १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला. गुजरातच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत प्रेमचंद रायचंदांच्या शेअरबाजारी साम्राज्याचा हाच काळ. याच वर्षी रेल्वे बडोद्यापर्यंत पोहोचली होती, म्हणजे माल बंदराकडे नेण्याचीही सोय झाली. कुणब्याच्या हाती कधी नव्हे तो पैसा खेळू लागला. खंडेरावांनी या काळात जमीनमोजणी करून बिघोटी बसवली, म्हणजे धान्याच्या वाट्याऐवजी दर बिघ्याला रोख आकार. सुधारणा म्हणून ती चांगलीच होती. इजारदाराच्या मर्जीपेक्षा ठरलेला आकार केव्हाही बरा. पण आकार ठरला तो यादवीच्या भावाने. १८६५ साली युद्ध संपले, मुंबईचा बाजार कोसळला, कापूस पूर्वीच्या पातळीकडे घसरला आणि बिघोटी मात्र जागची हलली नाही.

आता त्या हिऱ्याकडे वळू. त्याची वाट आपल्या गोमंतकीयांना थोडी परिचित वाटावी, कारण ती पोर्तुगीज मुलखातून आली. अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत जगाला हिरा म्हणजे गोवळकोंड्याचा एवढेच ठाऊक होते. १७२० च्या दशकात ब्राझीलमधील मिनास जेराइस प्रांतात सोने धुणाऱ्यांना हिरे सापडू लागले. युरोपच्या व्यापाऱ्यांनी भाव पडण्याच्या भीतीने हूल उठवली, की हे खडे म्हणजे हिंदुस्थानातील टाकाऊ माल आहे आणि तो गोव्याहून ब्राझीलला नेऊन विकला जात आहे. पोर्तुगीजांनी त्यावर उलटा डाव टाकल्याची हकीकत हिऱ्यांच्या इतिहासात सांगितली जाते : ब्राझीलचे हिरे खरोखरच गोव्यात आणले, येथून हिंदुस्थानच्या बाजारात पाठवले आणि हिंदुस्थानी हिऱ्यांच्या भावाने विकले. कोणत्या खाणीचा खडा, यावर किंमत ठरण्याची सवय आजची नाही.

ब्राझीलच्या बहुतेक हिऱ्यांसाठी खोल विवरे खणावी लागत नसत. नदीपात्रातील वाळूमिश्रित खडी उपसायची, लाकडी ताटात पाणी घेऊन ती गोल गोल फिरवायची आणि हलकी वाळू वाहून गेल्यावर तळाशी राहिलेल्या खड्यांत चमक शोधायची. हे काम आफ्रिकेतून आणलेले गुलाम वाकलेल्या कमरेने दिवसभर करत आणि मुकादम उंच बसून त्यांच्या हातांवर नजर ठेवत. १८५३ साली बागाजेम येथे एका गुलाम स्त्रीच्या हाती २५४ कॅरटांहून जड असा खडा लागला. तिला स्वातंत्र्य आणि निर्वाहवेतन मिळाले असे सांगतात. तिचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. मालकाने तो फार स्वस्तात विकला. पॅरिसच्या हाल्फेन या जवाहिऱ्यांनी तो घेऊन त्याला दक्षिणेचा तारा, अर्थात स्टार ऑफ द साउथ, असे नाव दिले. आम्स्टरडॅमच्या कोस्टरच्या कारखान्यात त्याला पैलू पडले. याच कारखान्याच्या कारागिरांनी १८५२ साली लंडनला जाऊन कोहिनूर पुन्हा घडवला होता. पैलू पाडताना निम्म्याहून थोडा अधिक ऐवज झिजला आणि सुमारे साडेएकशे अठ्ठावीस कॅरटांचा, किंचित गुलाबी झाक असलेला हिरा उरला.

पॅरिस आणि लंडनच्या प्रदर्शनांत लाखो लोकांनी तो पाहिला. विकत मात्र कोणी घेईना. येथेच मोठ्या रत्नाच्या किमतीचे मर्म आहे. वजन दुप्पट झाले की किंमत चौपट, असा टाव्हर्निएच्या काळापासूनचा जवाहिऱ्यांचा आडाखा आहे. लहान खड्यांना तो बराचसा लागू पडतो. खडा शंभर कॅरटांच्या पुढे गेला की जगात त्याची गिऱ्हाइके बोटावर मोजण्याइतकी उरतात आणि मग कागदावरची किंमत ही केवळ इच्छा ठरते. असे गिऱ्हाईक बडोद्यात आहे, हे लंडनचे व्यापारी ड्रेसडन यांना समजले होते. साठच्या दशकात खंडेरावांनी हा हिरा ८०,००० पौंडांना घेतला, त्या वेळच्या हुंडणावळीने सुमारे ८ लाख रुपयांना. सत्तावनच्या निष्ठेबद्दल मिळालेल्या जवळजवळ तीन वर्षांच्या माफीइतकी ही रक्कम झाली. ड्रेसडन यांच्याच नावाने ओळखला जाणारा दुसरा हिरा, इंग्लिश ड्रेसडन, हाही बागाजेमचाच. पैलू पाडल्यावर तो साडेशहात्तर कॅरट भरला. मुंबईच्या एका कापूस व्यापाऱ्याने तो तेजीच्या दिवसांत घेतला, मंदीने त्याला बुडवले आणि त्याच्या मृत्यूनंतर तो ४०,००० पौंडांना गायकवाडांकडे आला, अशी त्याची कथा आहे. कापसाने चढवलेला हिरा कापसाने उतरवला आणि कापसाच्याच सारापट्टीने तो बडोद्यात आणला.

खंडेरावांनी भाव दिला तो ब्राझीलच्या टंचाईचा. त्यांना दिसणे शक्य नव्हते अशी एक गोष्ट त्याच वेळी दूर घडत होती. दक्षिण आफ्रिकेत होपटाउनजवळ एका मुलाच्या खेळातला खडा १८६७ साली हिरा ठरला. १८६९ साली तेथे साडेत्र्याऐंशी कॅरटांचा हिरा सापडला आणि १८७१ पासून किंबर्लीचे प्रचंड विवर खणले जाऊ लागले. थोड्याच वर्षांत आफ्रिकेच्या उत्पादनापुढे ब्राझीलचे उत्पादन नगण्य झाले आणि कच्च्या हिऱ्याचा भाव कोसळला. पुढे १८८८ साली डी बीअर्स कंपनीने पुरवठा मुठीत धरला तेव्हा कोठे तो सावरला. गुंतवणूक या दृष्टीने पाहिले, तर बडोद्याची खरेदी तेजीच्या ऐन शिखरावर झाली होती.

मोत्यांच्या बाबतीत खंडेरावांची दृष्टी निराळी दिसते. १८६५ च्या सुमारास त्यांनी एक गालिचा करवून घ्यायला घेतला. हरणाच्या कातड्यावर आणि रेशमावर बसऱ्याचे दहा लाखांहून अधिक बारीक मोती शिवले गेले आणि मध्ये हिरे, माणके, पाचू, नीळ यांची फुले बसवली गेली. इराणच्या आखातात पाणबुडे एका दमात तळ गाठून शिंपले काढत. तो माल व्यापाऱ्यांच्या हातून मुंबईत येई आणि बसऱ्याचे मोती म्हणून विकला जाई. मदिनेत पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी हा गालिचा होता, अशी परंपरागत माहिती आहे. मराठा राजाने असा संकल्प करावा, यात त्या काळच्या लोकांना नवल वाटले नसावे. गालिचा मदिनेला गेला नाही. २८ नोव्हेंबर १८७० रोजी खंडेरावांचे निधन झाले.

मागे उरला तो पेच. राणी जमनाबाई, रहिमतपूरच्या माने घराण्यातल्या, त्या वेळी गरोदर होत्या. मल्हारराव हे बंधू, खंडेरावांविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून १८६३ पासून पादऱ्याच्या कैदेत होते. त्यांना बाहेर काढून गादीवर बसवण्यात आले, पण पोटी पुत्र आला तर गादी सोडण्याच्या बोलीवर. ५ जुलै १८७१ रोजी कन्या जन्मली आणि मल्हारराव कायम झाले. त्यांच्या कारकिर्दीचा शेवटही जवाहिरखान्यापाशीच झाला. रेसिडेंट कर्नल फेर यांच्या सरबतात १८७४ साली सोमल आणि हिऱ्याची पूड घातल्याचा आरोप त्यांच्यावर आला. जवाहिऱ्यांच्या जबान्या आणि हिशोबाच्या वह्या चौकशी आयोगापुढे आल्या. सोमल घातक खराच. पण हिऱ्याची पूड विष नव्हे, हे गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात सांगून ठेवले होते. पणजीच्या उद्यानाला ज्याचे नाव आहे तोच हा वैद्य. तीनशे वर्षांनंतरही बडोद्यात राजे आणि इंग्रज वकील तीच जुनी समजूत धरून वाद घालत होते. आयोगातील तीन इंग्रज सदस्यांनी दोषी ठरवले, तीन हिंदी सदस्यांनी नाही. अखेर एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले गेले ते कुशासनाच्या कारणावरून. त्या कुशासनाच्या तक्रारींत रयतेला न पेलणाऱ्या आकाराची तक्रार मोठी होती, आणि तो आकार थोरल्या भावाच्या राजवटीतला होता. दिवाण म्हणून आलेल्या सर टी. माधवरावांना थकबाकी सोडून देणे आणि सारा उतरवणे हे काम प्रथम हाती घ्यावे लागले.

जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतले. तेच सयाजीराव तिसरे. खंडेरावांची एकुलती कन्या ताराबाई आपल्या शेजारच्या सावंतवाडीला रघुनाथराव सावंत भोसले यांची राणी होऊन आली.

रत्नांचे म्हणाल, तर विलीनीकरणाच्या काळात त्यांतील बरीचशी महाराणी सीतादेवींबरोबर युरोपात गेली. दक्षिणेचा तारा २००२ साली कार्तिए या पॅरिसच्या पेढीकडे आला. गायकवाडांच्या प्रसिद्ध सातपदरी मोत्यांच्या हारातील दोन सर न्यूयॉर्कच्या लिलावात २००७ साली ७० लाखांहून अधिक डॉलरना विकले गेले. जपानच्या संवर्धित मोत्यांनी १९३० च्या दशकापर्यंत आखातातला मोत्यांचा धंदा मोडीत काढला होता आणि त्यामुळेच जुना बसरा मोती पुन्हा दुर्मीळ झाला. खंडेरावांचा गालिचा मार्च २००९ मध्ये दोहा येथे सुमारे ५५ लाख डॉलरना गेला. ज्या आखातातून त्याचे मोती निघाले होते, त्याच आखाताच्या काठावर तो विकला गेला.