गाडीला ‘सेल्फ’ देणारा इंजिनिअर : चार्ल्स केटरिंग



कडाक्याच्या थंडीत रात्री बाबा गाडीच्या पुढच्या भागातून लोंबणारी वायर भिंतीवरच्या प्लगला लावतात, ते तुम्ही पाहिले असेल. तो इंजिन हीटर. थंडीत इंजिनमधले तेल काकवीसारखे घट्ट होते आणि बॅटरीचा जोर कमी पडतो. मग किल्ली फिरवली तरी सेल्फ नुसता कण्हतो. इंजिन कोमट ठेवले, की त्याचे काम सोपे होते. हा सेल्फ, म्हणजे विजेचा स्टार्टर, गाडीत यशस्वीपणे बसवणाऱ्या चार्ल्स केटरिंग यांची ही गोष्ट.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यातल्या लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतावर झाला. डोळे लहानपणापासून अधू. त्या दुखण्यापायी कॉलेज अर्धवट सोडावे लागले. मधल्या काळात त्यांनी टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत काम केले. पण जिद्द सोडली नाही. १९०४ साली, वयाच्या २७व्या वर्षी, ते इंजिनिअर झाले.

पुढे डेटन शहरात दुकानातल्या गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत त्यांना नोकरी लागली. हाताने चालणाऱ्या त्या यंत्राला त्यांनी छोटी विजेची मोटर बसवली. मोटर क्षणभरच चालायची असेल, तर छोट्या मोटरीकडूनही मोठे काम करून घेता येते. तापून जळायच्या आत ती थांबते. हीच युक्ती पुढे कामी आली.

त्या काळी गाडी सुरू करायला पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. इंजिन उलटे फिरले, तर हँडलचा फटका बसून हात मोडायचा. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांच्या एका मित्राचा अशाच अपघातानंतर मृत्यू झाला आणि त्यामुळे त्यांनी या कामाचा ध्यास घेतला, असे सांगतात. केटरिंग आणि त्यांचे सहकारी डेटनमधल्या एका कोठारात रात्रंदिवस खपले. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत सेल्फ आला. एकच यंत्र आधी बॅटरीवर इंजिन फिरवी आणि इंजिन चालू झाले, की तीच बॅटरी पुन्हा भरी! ज्यांच्या मनगटात हँडल मारण्याची ताकद नव्हती, त्यांनाही आता एकट्याने गाडी काढता येऊ लागली.

यानंतर केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. तिथे त्यांच्यापुढे इंजिनच्या ‘नॉकिंग’चा प्रश्न आला. ज्योत पोचण्याआधीच पेट्रोलची वाफ आपोआप पेटली, की इंजिनमध्ये टकटक आवाज होतो, ताकद घटते, भाग झिजतात. १९२१ साली त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांना शिशाचे एक संयुग सापडले. त्याचे काही थेंब पेट्रोलमध्ये घातले, की टकटक बंद! मद्यार्क मिसळूनही नॉकिंग कमी होते, हे त्यांच्या प्रयोगशाळेला ठाऊक होते. तरी १९२३ मध्ये बाजारात आले ते शिशाचे पेट्रोल. शिसे विषारी असते, हे तेव्हाही जगाला माहीत होते. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या एका कारखान्यात हे संयुग बनवताना पाच कामगार दगावले. डॉक्टरांनी धोक्याचे इशारे दिले. तरीही विक्री पुढे चालू राहिली, आणि हे शिसे गाड्यांच्या धुरातून लहान मुलांच्या शरीरात जात राहिले. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी त्यावर पूर्ण बंदी आली १९९६ साली, भारतात ते २००० साली थांबले आणि जगातल्या शेवटच्या पंपावरून गेले २०२१ मध्ये.

केटरिंग २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटनला वारले. कर्करोगाच्या संशोधनासाठी न्यूयॉर्कला १९४५ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेला त्यांचेही नाव आहे.

मग हा माणूस चांगला म्हणायचा की वाईट? मुलांनो, घरी आई-बाबांशी यावर जरूर बोला. मी स्वतः इंजिनिअर आहे, म्हणून मला एवढेच वाटते : यंत्राची टकटक थांबली, म्हणजे आपले काम संपले नाही. त्यातून निघणारा धूर कुणाच्या नाकात जातो, हेही आपणच पाहायचे असते.

– एक पालक