रणदुंदुभीचा गायक : मास्टर दीनानाथ

अमरावतीचे देशभक्त नाटककार वीर वामनराव जोशी ह्यांच्या 'रणदुंदुभी'चे नाव निघाले, की मास्टर दीनानाथ मंगेशकर आठवतात. त्यांच्या वैभवाइतकीच त्यांची उतरणही बोधप्रद आहे, म्हणून ते चरित्र आम्ही सभासद कुटुंबांपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी गोमंतकात मंगेशी येथे झाला. लहान वयातच ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. पुढे १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे ह्यांच्यासह त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. जानेवारी १९१९ मध्ये सावनेर येथे राम गणेश गडकरी निवर्तले. त्यांचे 'भावबंधन' ह्याच मंडळीने रंगभूमीवर आणले आणि दीनानाथांची लतिका गाजली. १९२७ साली 'रणदुंदुभी'त ते तेजस्विनी झाले. पारतंत्र्याच्या त्या काळात त्यांच्या तेजस्वी, चपळ तानांनी वामनरावांच्या पदांना रणशिंगाचे बळ आले. १९३१ साली सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग'ही ह्याच मंडळीने केले.

त्याच वर्षी भारतात बोलपट अवतरला व नाटक मंडळ्यांचे दिवस फिरू लागले. काळाबरोबर जावे म्हणून मंडळीने सांगलीत चित्रसंस्था उभारली आणि १९३४ साली 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट काढला. दीनानाथांनी त्यात भूमिकाही केली. परंतु नाटकाचा संसार रोजच्या तिकिटांवर चालतो. बोलपटात मात्र पहिले तिकीट विकण्यापूर्वीच सारे भांडवल ओतावे लागते. ते परत आले नाही. कर्ज झाले, मंडळी बंद पडली, प्रकृतीही ढासळली. पुण्यास २४ एप्रिल १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

मागे पत्नी व पाच मुले राहिली. थोरली लता तेव्हा तेराव्या वर्षात होती. घराचा भार तिने उचलला. त्याच कन्येस २००१ साली भारतरत्न किताब मिळाला. वडिलांनी धन ठेवले नव्हते, पण गळ्यातील विद्या ठेवली होती.

आम्हांस वाटते, दीनानाथांचा ऱ्हास हा त्यांच्या कलेचा पराभव नव्हता, व्यवहाराचा होता. आपल्याही घरांत गाणारी मुले आहेत. त्यांना टाळ्या द्याव्यात, हिशेब शिकवावा. आणि एखाद्या कलावंताचा पडता काळ आला, तर त्याच्या मुलांच्या खांद्यावर भार पडण्याआधी त्याचे दार ठोठवावे. एवढे झाले तरी हे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.