येरवड्याच्या आवारात दारू सोडणाऱ्यांना सोबत मिळवून देणाऱ्या डॉ. अनिता अवचट

लोणी काळभोर : तुकोबांची पालखी पुण्यातून निघाली की लोणी काळभोरला मुक्कामाला येते. त्या दिवसांत काही जण गळ्यात माळ घालतात आणि दारू सोडतात. काहींची कायमची सुटते. बऱ्याच जणांची मात्र पालखी यवतच्या पुढं सरकली की परत सुरू होते. उसाचं बिल नाहीतर पगार हातात पडतो, नाक्यावर जुने दोस्त भेटतात, आणि संपलं. जो वारकऱ्यांच्या संगतीत राहतो त्याची माळ टिकते, जो एकटा पडतो त्याची तुटते.

संगतीची ही गोष्ट लोणीपासून वीसेक किलोमीटरवर, येरवड्यात, एका डॉक्टर बाईंनी उपचारात आणली. डॉ. अनिता अवचट त्यांचं नाव. मूळ नाव सुनंदा. येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. आपल्याकडं कोणी वेडंवाकडं वागला की त्याला येरवड्याला पाठवा म्हणतात, तेच हे हॉस्पिटल. नवरा डॉ. अनिल अवचट. त्यांनी डॉक्टरकी बाजूला ठेवून लिखाण धरलं. घर चालायचं ते बाईंच्या पगारावर, आणि मुक्ता नि यशोदा या दोन मुलींचं, स्वयंपाकाचं बरंचसं अनिलराव बघायचे. त्या काळात हे सोपं नव्हतं. आजही कुठं सोपं आहे?

1985 च्या सुमाराला पुण्यात गर्दचं व्यसन पसरलं. चांगल्या घरची पोरं वाया जात होती. अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी वाचले, दोघं हलून गेले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. पण नुसत्या पैशानं केंद्र चालत नाही. रोज तिथं उभं राहणारं माणूस लागतं. ते काम अनिताताईंनी उचललं. 29 ऑगस्ट 1986 ला मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

सुरुवात गर्दपासून झाली तरी दारूवाले येतच होते. मारायचं नाही, कोंडायचं नाही, प्रवचन झोडायचं नाही, अशी त्यांची रीत. पिणारा हा गुन्हेगार नाही, आजारी आहे, हे धरून चालायचं. आणि जो बरा झाला त्यालाच पुढं कामाला घ्यायचं. स्वतः त्या गटारीतून बाहेर आलेला माणूस समोर बसला की नव्याला थाप मारता येत नाही. बाटली कुठं लपवतात, बायकोला काय सांगतात, उसने कोणाकडून घेतात, सगळं त्याला ठाऊक असतं.

ही पद्धत मुळात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे लोक ज्याला एए म्हणतात तिची. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी शेअर बाजारातला एक माणूस धंद्यात हात पोळून हॉटेलात एकटा होता. दारू सुटून काही महिनेच झाले होते. बारमध्ये जायच्या ऐवजी त्यानं फोन फिरवून दुसरा पिणारा शोधला. तो निघाला सर्जन. दोघं बोलत बसले आणि त्यातून एए उभी राहिली. 1957 मध्ये ती मुंबईत आली. मीटिंगला फी नाही, पूर्ण नाव विचारत नाहीत, जात-पक्ष काढत नाहीत. एक जण आपलं सांगतो, बाकीचे ऐकतात. बोलायची जबरदस्ती नाही. पिणं थांबवायची इच्छा असली की बास.

अनिताताईंना घरच्या बाईचं दुखणंही दिसत होतं. नवरा पितो म्हणून तिनं मार खायचा, कर्ज फेडायचं आणि वर गावानं तिलाच नावं ठेवायची. मुक्तांगणमध्ये अशा बायकांसाठी सहचरी नावाचा गट आहे. गड्याची दारू सुटली तरी बाईच्या मनातली भीती लगेच जात नाही. दार उशिरा वाजलं की छातीत धस्स होतंच.

पुढं अनिताताईंना कॅन्सरनं गाठलं. तरी मुक्तांगणचं काम त्यांनी सोडलं नाही. 1997 च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. ज्यांची दारू त्यांच्यामुळं सुटली ते केंद्र सांभाळायला उभे राहिले, आणि मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी धुरा घेतली. त्यांच्या नावानं संघर्ष सन्मान पुरस्कार दिला जातो. अनिल अवचट 2022 मध्ये गेले.

केंद्र आता स्वतःच्या इमारतीत, आळंदी रोडला मोहनवाडीत आहे. लोणीवरून हडपसर, मुंढवा करत येरवड्याला निघायचं. तिथला मुक्काम साधारण पस्तीस दिवसांचा. खरी परीक्षा मात्र घरी आल्यावर, म्हणून पुढंही गटात जात राहायचं. एक गोष्ट ध्यानात ठेवा : जो रोज भरपूर पितो त्यानं डॉक्टरला न विचारता एकदम बंद करू नये. हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, जीवावरही बेततं. आणि पिणारा यायला तयार नसला तरी घरच्या माणसानं थांबायचं कारण नाही. बायको, आई, भाऊ, कोणीही आधी एकटं जाऊन विचारून येऊ शकतं.