जोडीने नाचायला शिकवणारा ‘अलबेला’

वऱ्हाडात लग्नाची वरात निघाली आणि बँडवाल्यांनी ठेका धरला, की गर्दीतून एखादा अंगाने सुटलेला, पोक्त मामा पुढे सरसावतो. तो पाय फारसे उचलत नाही. कोपरे अंगालगत ठेवून मनगटे हलवतो, खांदे झुलवतो, मान किंचित तिरकी करतो आणि चेहऱ्यावर जग जिंकल्याचे हसू आणतो. पाहता पाहता त्याच्याभोवती रिंगण तयार होते. लाजून मागे उभी राहिलेली मामीही त्यात ओढली जाते. नृत्याचा एकही धडा न घेतलेल्या या मामाला आपण कोणाचे शिष्य आहोत, याची कल्पना नसते. त्याचे गुरू म्हणजे मास्टर भगवान, अर्थात भगवानदादा पालव.

आज पुण्या-मुंबईत साल्सा आणि बॉलरूम नृत्याचे वर्ग आहेत. लग्नापूर्वीच्या ‘संगीता’साठी नवरा-नवरीला नाच बसवून देणारे शिक्षक आता लहान शहरांतही भेटतात. चांगला नृत्यवर्ग कसा ओळखावा, नाचाची संध्याकाळ कशाने रंगते, हे प्रश्न त्यामुळे अनेक घरांत निघतात. त्यांची उत्तरे शोधायची तर भगवानदादांच्या आयुष्याकडे पाहावे. त्यांनी नृत्यशाळा कधी काढली नाही. परंतु ज्याला नाचता येत नाही अशा माणसाला नाचण्याचा धीर देण्याचे काम त्यांच्याइतके क्वचितच कोणी केले असेल.

गिरणगावातील उमेदवारी

बुलडाणा जिल्हा ज्या महसूल विभागात मोडतो, त्या विभागाचे मुख्यालय असलेल्या अमरावतीत १ ऑगस्ट १९१३ रोजी भगवान आबाजी पालव यांचा जन्म झाला. वडील मुंबईत कापड गिरणीत कामगार होते. साहजिकच भगवान यांचे बालपण आणि तारुण्य मुंबईच्या कामगार वस्तीत गेले. शिक्षण बेताचेच झाले. ओढ होती ती व्यायामाची, कुस्तीची आणि पडद्यावर हलणाऱ्या चित्रांची. मूकपटांचे पर्व संपत असताना ते या व्यवसायात शिरले. मिळेल ते काम करता करता छायाचित्रण, संकलन, हाणामारी, विनोद असे सर्वच त्यांनी जवळून पाहिले.

१९३८ मध्ये ‘बहादूर किसान’ या चित्रपटाच्या सहदिग्दर्शनाने त्यांचे नाव दिग्दर्शकांच्या यादीत आले. पुढील दशकभर त्यांनी कमी खर्चाचे मारधाडपट काढले. या चित्रपटांचा प्रेक्षक होता गिरणीतला, गोदीतला, हातावर पोट असलेला. दिवसभर राबून आलेल्या या माणसाला काय हवे असते, हे भगवानदादांना शिकावे लागले नाही. ते त्याच्यातलेच होते. १९४२ मध्ये त्यांनी ‘जागृती पिक्चर्स’ ही संस्था स्थापन केली आणि १९४७ मध्ये चेंबूरला स्वतःचा ‘जागृती स्टुडिओ’ उभारला. चाळीतल्या मुलाची ही झेप लहान नव्हती.

ताजमधला नाच, चाळीतला नाच

त्या काळच्या मुंबईत जोडीने नाचण्याची दोन जगे होती. एक होते ताजमहाल हॉटेल आणि त्याच्या शेजारच्या ग्रीन्स हॉटेलच्या नृत्यदालनांचे. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचे कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचे पथक ताजमध्ये वाजवून गेले आणि जॅझची लाट शहरात स्थिरावली. तिथे वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, रुम्बा चाले. पोशाखाचे दंडक कडक होते आणि प्रवेश पैसेवाल्यांना. मात्र वाद्यवृंदातील अनेक वादक गोव्याचे होते. गोव्यातील ख्रिस्ती घरांत स्त्री-पुरुष समोरासमोर उभे राहून संथ पावलांनी ‘मांडो’ नाचत. चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकलेले आणि मांडोच्या तालावर वाढलेले हे वादक रात्री हॉटेलांत वाजवत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला हजर राहत. आल्दोना गावचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे त्यांतले सर्वांत गाजलेले ट्रम्पेटवादक.

दुसरे जग चाळींचे, गणपतीच्या मिरवणुकांचे, शिमग्याचे. तिथे नाच होता. पण पुरुषांचा वेगळा आणि बायकांचा वेगळा. बायकोचा हात धरून चारचौघांत पावले टाकणे मध्यमवर्गीय मराठी घरात तेव्हा अशक्यप्राय होते.

या दोन जगांमध्ये पूल बांधला तो दोन मराठी माणसांनी. एक भगवानदादा, दुसरे पुणतांब्याला जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र. भगवानदादांनी दिग्दर्शित केलेल्या तमिळ चित्रपटांना आरंभीच्या काळात त्यांनीच संगीत दिले. १९४२ चा ‘सुखी जीवन’ हाही या दोघांचाच. चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्र यांचे सहायक झाले. हॉटेलातला ताल अशा रीतीने मराठी संगीतकाराच्या हाती आला. वॉल्ट्झच्या तीन मात्रा आपल्या दादऱ्याशी सहज नाते सांगतात आणि फॉक्सट्रॉटच्या चार मात्रा केरव्याच्या सोयऱ्या आहेत, हे त्यांच्या कानांनी ओळखले होते. कोणत्याही चांगल्या नृत्यवर्गाची पहिली कसोटी हीच असते. पावले पाठ करून घेण्याआधी तिथे ताल कानात उतरवला जातो.

हाताचा जोर

१९४२ मधील एका प्रसंगाचा उल्लेख टाळून भगवानदादांचे चरित्र पुरे होत नाही. ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात त्यांना अभिनेत्री ललिता पवार यांच्या थोबाडीत मारण्याचे दृश्य करायचे होते. हात प्रमाणाबाहेर जोरात बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली आणि उपचारांत सुमारे तीन वर्षे गेली. नायिका म्हणून बहरात असलेली कारकीर्द तिथे थांबली. पुढे त्यांनी खाष्ट सासूच्या भूमिकांत आपले स्थान निर्माण केले, तो त्यांचा पराक्रम. पण झालेले नुकसान भरून येणारे नव्हते. इजा करण्याचा हेतू नव्हता, म्हणून ती इजा हलकी झाली नाही.

जोडीच्या नृत्यात तर प्रत्येक क्षणी एकाचे शरीर दुसऱ्याच्या हाती सोपवलेले असते. तिथे हाताचा जोर किती, हा कलेइतकाच जबाबदारीचा प्रश्न आहे. चांगला शिक्षक पहिल्याच दिवशी सांगतो, की साथीदाराला ओढायचे नसते, ढकलायचे नसते. आपल्या अंगाच्या झुकण्यातून दिशा सुचवायची असते. नकार आला तर हसून बाजूला व्हायचे असते. ज्या वर्गात हे सांगितले जात नाही, तिथे पावले कितीही अवघड शिकवली जात असली, तरी आपल्या मुलीला किंवा मुलाला पाठवण्यापूर्वी पालकांनी विचार करावा.

‘अलबेला’चे वर्ष

मारधाडपटांच्या चौकटीतून बाहेर पडून सामाजिक चित्रपट काढावा, असे राज कपूर यांनी भगवानदादांना सुचवले, असे सांगितले जाते. त्यातून १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा स्वतः, नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचे; गीते राजेंद्रकृष्ण यांची. नाटकात काम करण्याची स्वप्ने पाहणारा, घरच्यांच्या दृष्टीने निरुपयोगी असा गरीब घरातला तरुण घर सोडतो आणि रंगभूमीवर नाव कमावतो, ही त्याची कथा. लता मंगेशकर आणि चितळकर या नावाने गाणारे स्वतः संगीतकार, या दोघांच्या गाण्यांनी देश डोलू लागला.

या चित्रपटातील नृत्ये आजही पाहावीत ती जोडीसाठी. नायक बुटका, गोलाकार, अडतिशीला टेकलेला. नायिका विशीतली, विजेसारखी चपळ. त्याच वर्षी ‘बाजी’तही चमकलेली. ही जोडी कागदावर विजोड होती. हवाई बेटांच्या धर्तीच्या वेशभूषेतील गाण्यात बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजू लागतात आणि विजोडपणा नाहीसा होतो. भगवानदादा पावले लहान टाकतात आणि मोठा आवेग गीताबालींसाठी मोकळा ठेवतात. त्या गिरकी घेतात तेव्हा दादा जागच्या जागी झुलत राहतात. नजर तिच्यावर, हसू प्रेक्षकांकडे. आपण तिच्याहून चांगले नाचतो, हे दाखवण्याचा प्रयत्न ते एकदाही करत नाहीत. तिच्याबरोबर नाचताना मजा येत आहे, एवढेच ते दाखवतात. दुसऱ्या एका गाण्यात तर झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेले चिक चॉकलेट आणि त्यांचे वादक प्रत्यक्ष पडद्यावर आहेत. ताजमहाल हॉटेलचा उंबरठा ज्यांनी कधी ओलांडला नसता, त्यांना हा वाद्यवृंद चार आण्यांच्या तिकिटांच्या रांगेतून दिसला.

काळाची संगतीही लक्षात घ्यावी. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांतील नृत्यरात्रींचा रंग पुढे उतरत गेला. श्रीमंतांचे दालन ओस पडू लागले, त्याच सुमारास ‘अलबेला’ने तो नाच रस्त्यावर आणला.

सर्वांना जमेल असे

भगवानदादांच्या नृत्यशैलीचे मर्म तिच्या सोपेपणात आहे. तिला उडी लागत नाही, कमनीय अंग लागत नाही, वय आड येत नाही. पुढे हिंदी पडद्यावरील मोठमोठ्या नायकांनी ती उचलली. अमिताभ बच्चन यांच्या नाचात तिची छाया अनेकांनी पाहिली आहे. परंतु तिचे खरे वारसदार वराती आणि मिरवणुकांतले अनामिक लोक आहेत. शिक्षक स्वतः किती अवघड नाचतो यावर नृत्यवर्गाची परीक्षा होत नाही. महिन्याभरानंतर वर्गातला सर्वांत लाजरा विद्यार्थी चारचौघांत उभा राहतो का, हे पाहावे. नाचाच्या संध्याकाळीही तेच पाहावे. चार तरबेज जोड्यांनी मैदान अडवले आणि उरलेले खुर्च्यांवर बसून राहिले, तर तो कार्यक्रम झाला. मेळा झाला नाही. जोड्या अदलाबदल होत राहाव्यात, जुन्याने नव्याला हात द्यावा, एक गाणे वेगाचे झाले की पुढचे दम घेऊ देणारे असावे आणि कोपऱ्यात बसलेल्या आजीबाईंनाही टाळी धरण्यापुरती जागा असावी.

उतरती कळा आणि एक रिंगण

‘अलबेला’ने पैसा आणला, वैभव आणले. जुहूला बंगला झाला, दाराशी मोटारी आल्या. तोच मेळ पुन्हा साधण्यासाठी १९५३ मध्ये गीताबालींसह ‘झमेला’ काढला. पण ते यश पुन्हा हाती लागले नाही. १९५६ मध्ये किशोरकुमार यांना घेऊन ‘भागम भाग’ झाला, १९६६ मध्ये ‘लाबेला’ आला. गुंतवलेले बुडत गेले. बंगला, मोटारी, स्टुडिओ एकेक करून हातचे गेले. गीता बाली २१ जानेवारी १९६५ रोजी देवीच्या रोगाने गेल्या. चिक चॉकलेट १९६७ मध्ये आणि सी. रामचंद्र ५ जानेवारी १९८२ रोजी निवर्तले. भगवानदादा दादरच्या चाळीतील लहानशा घरात राहू लागले. पोटासाठी मिळेल ती किरकोळ भूमिका करत राहिले. कित्येक चित्रपटांत त्यांना बोलावले जाई ते दोन मिनिटे तोच जुना नाच करून दाखवण्यासाठी. ज्याने अख्ख्या देशाला नाच दिला, त्याच्या वाट्याला व्यवसायाने एवढेच ठेवले.

तथापि वस्तीने त्यांना दुरावले नाही. गणेश विसर्जनाची मिरवणूक त्यांच्या चाळीसमोर आली, की थांबे. बँडवाले ‘अलबेला’तले गाणे वाजवू लागत आणि दादा खाली उतरून चार पावले टाकत, तेव्हाच ती पुढे सरके, अशी आठवण सांगितली जाते. त्या रिंगणात तिकीट नव्हते, पोशाखाचा दंडक नव्हता आणि नाचता येत नाही म्हणून कोणी बाहेर राहत नव्हते.

४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ते ८८ वर्षांचे होते. २०१६ मध्ये त्यांच्या जीवनावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला. मंगेश देसाई यांनी भगवानदादा आणि विद्या बालन यांनी गीता बाली साकारल्या. नव्या पिढीला त्यानिमित्ताने हे नाव कळले. त्यांची पावले मात्र ही पिढी आधीपासूनच टाकत होती. पुढच्या लग्नसराईत बँड वाजू लागेल आणि कोपऱ्यातील कोणी संकोचून उभे असेल, तर त्याला हलक्या हाताने रिंगणात घ्यावे आणि आपली पावले लहान ठेवावीत. अमरावतीत जन्मलेल्या या माणसाची शिकवणी एवढीच होती.