रेल्वेला ‘बिघडलं तर थांब’ हे शिकवणारा जॉर्ज वेस्टिंगहाऊस

चंद्रपूर-बल्लारशाहकडच्या लोकांना ‘नॉन-इंटरलॉकिंग’ हा शब्द आता पाठ झालाय. तिसऱ्या मार्गाची जोडणी असो, यार्डातले बदल असोत की नवीन सिग्नल, मोबाईलवर रद्द गाड्यांची यादी येते आणि नागपूरला दवाखान्यात निघालेला माणूस एसटीची वेळ शोधायला लागतो. गडचिरोली जिल्ह्यात तर वर्षानुवर्षं वडसा हे एकच स्टेशन. तिथली गाडी रद्द झाली तर जिल्ह्यात दुसरीकडे जाऊन गाडी पकडायची सोयच नाही.

आता तुम्ही म्हणाल, सिग्नल बदलायला गाड्या कशाला बंद करायच्या?

तर जुनी यंत्रणा सोडवून नवी जोडेपर्यंत सिग्नल आणि रुळांचे सांधे यांचं आपसातलं कुलूप उघडं असतं. एका गाडीला हिरवा दिला की समोरच्या गाडीला हिरवा मिळूच नये, याची काळजी हे कुलूप घेतं. ते नसताना सांधे हाताने पक्के करावे लागतात आणि गाडी कागदी परवानगीवर, झेंडी दाखवून सोडावी लागते. एवढ्या सावकाश कामात रोजच्या सगळ्या गाड्या मावत नाहीत. शिवाय नवी यंत्रणा नीट चालते का, एवढंच बघून भागत नाही. ती बिघडल्यावर काय करते, हेही बघावं लागतं.

हा दुसरा प्रश्न ज्याने आयुष्यभर लावून धरला, तो माणूस म्हणजे जॉर्ज वेस्टिंगहाऊस.

जन्म ६ ऑक्टोबर १८४६ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. वडिलांचा शेतीची यंत्रं बनवायचा कारखाना होता. पोरगा शाळेपेक्षा तिथेच जास्त रमायचा. यादवी युद्धात तो आधी सैन्यात आणि मग नौदलात गेला. परत आल्यावर कॉलेजात नाव घातलं, पण काही महिन्यांतच ते सोडलं. पहिलं पेटंट मिळालं तेव्हा वय होतं १९.

१८६६ च्या सुमारास तो रेल्वेने प्रवास करत असताना पुढे अपघात झाल्यामुळे त्याची गाडी अडकली. दोन मालगाड्या समोरासमोर धडकल्या होत्या. दिवस लख्ख, रूळ सरळ, दोन्ही चालकांनी एकमेकांना पाहिलंही होतं. पण गाड्या थांबल्या नाहीत. कारण त्या काळी ब्रेक म्हणजे प्रत्येक डब्यावरचं एक चाक. इंजिनाची शिट्टी झाली की ब्रेकमन धावत्या गाडीच्या टपावरून पळायचे आणि एकेका डब्याचं चाक हाताने आवळायचे. पावसात, बर्फात यातले कित्येक जण खाली पडून मेले.

वेस्टिंगहाऊसने आधी साखळी आणि वाफ वापरता येईल का, ते पाहिलं. मग एका मासिकात त्याने आल्प्समधल्या बोगद्याबद्दल वाचलं. तिथे दाबलेली हवा नळीतून लांबवर नेऊन खडक फोडत होते. तीच हवा डब्यांखालून का नेऊ नये, या विचारातून एअर ब्रेक आला. पिट्सबर्गहून निघालेल्या पहिल्याच चाचणीच्या गाडीपुढे एक घोडागाडी आली. गाडी तिच्यापासून काही फुटांवर थांबली. एप्रिल १८६९ मध्ये पेटंट मिळालं, कंपनी उभी राहिली. तेव्हा तो २२ वर्षांचा होता.

इथे दुसरा कुणी खूश होऊन थांबला असता. पण या ब्रेकमध्ये एक खोट होती. नळीत हवा भरली की ब्रेक लागायचा. म्हणजे नळी फुटली किंवा डबे सुटले, तर ब्रेकच नाही! १८७२ मध्ये त्याने सगळं उलटं केलं. नळीत हवेचा दाब कायम ठेवायचा, प्रत्येक डब्याखाली हवेची टाकी द्यायची आणि दाब कमी झाला की ब्रेक आपोआप लागायचा. आता नळी फुटली तर गाडी थांबणार होती. माझ्या मते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हेच. विजेच्या दिव्यांचं नाव त्यानंतर.

नेमकी हीच युक्ती सिग्नलमध्येही आली होती. विल्यम रॉबिन्सन नावाच्या संशोधकाने १८७२ मध्ये रुळांतूनच हलका वीजप्रवाह सोडला. गाडीची चाकं रुळांवर आली की प्रवाह मधेच वळतो आणि सिग्नल लाल होतो. रूळ तुटला, तार निघाली, तरी लालच. वेस्टिंगहाऊसने या कामाची किंमत ओळखली आणि १८८१ मध्ये ‘युनियन स्विच अँड सिग्नल’ कंपनी काढून हे हक्क आपल्याकडे घेतले.

मग आली त्याची खरी परीक्षा. १८८६ आणि १८८७ मध्ये बर्लिंग्टन इथे ५० डब्यांच्या मालगाड्यांवर ब्रेकच्या जाहीर चाचण्या झाल्या. प्रवासी गाड्यांत नावाजलेला त्याचा ब्रेक इथे सपशेल पडला. पुढचे डबे आधी थांबायचे आणि मागचे त्यांच्यावर आदळायचे. आत बसलेली माणसं फेकली जायची. त्याने निकालावर वाद घातला नाही. काही महिन्यांत झडप बदलली, ब्रेकचा हुकूम शेवटच्या डब्यापर्यंत दोनेक सेकंदांत पोचवला आणि तशीच ५० डब्यांची गाडी गावोगाव नेऊन दाखवली. १८९३ मध्ये अमेरिकेत गाड्यांना असे ब्रेक सक्तीचे करणारा कायदा झाला.

एडिसनशी झालेलं विजेचं भांडण तुम्ही ऐकलं असेल. टेस्लाची पेटंटं घेऊन वेस्टिंगहाऊसने एसी करंट पुढे आणला आणि जिंकलाही. पण १९०७ च्या मंदीत त्याच्या वीज कंपनीचा ताबा हातातून गेला. १२ मार्च १९१४ ला तो वारला. जुना सैनिक म्हणून त्याला आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत जागा मिळाली.

भारतातल्या मालगाड्यांना एअर ब्रेक बऱ्याच उशिरा, १९८० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर लागू लागले. मालडब्याला आपण वाघीण म्हणतो. चंद्रपूरच्या कोळशाच्या पन्नासहून जास्त वाघिणी एका नळीवर थांबतात, त्या या झडपेच्या वंशजामुळे. (खऱ्या वाघांचं नशीब एवढं नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये जुनोनाच्या जंगलात तीन बछडे गाडीखाली गेले. ब्रेक कितीही चांगला असला तरी गाडीला थांबायला अंतर लागतंच.) आता देशभर बसवली जाणारी ‘कवच’ यंत्रणाही लाल सिग्नल ओलांडला जाऊ लागला की याच नळीतली हवा सोडून गाडी थांबवते.

आणि ब्लॉकमध्ये यार्डात काय चालतं? कर्मचारी दोन रुळांवर तार टाकून खोटी गाडी उभी करतात आणि सिग्नल लाल झाला का, ते बघतात. मग मुद्दाम वीज तोडतात. एकमेकांना छेद देणारे दोन मार्ग एकाच वेळी मागून बघतात. यंत्रणेने दुसऱ्याला नकार दिला की कागदावर खूण होते आणि पुढची जोडी घेतली जाते. मोठ्या यार्डात अशा जोड्या शेकड्यांनी असतात, म्हणून ब्लॉक काही तासांत आटपत नाही.