अचूकतेचा उपासक : रॉबर्ट बॉश

आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडच्या मागे एक लहानसे दुकान आहे. दारावर पत्र्याची पाटी : 'डिझेल पंप व नोझल दुरुस्ती'. शाळेत जाता-येता मी त्या दारात रेंगाळत असे. आतले मिस्त्रीकाका पितळी ट्रेमध्ये सहा लहान पोलादी दांडे ओळीने मांडून ठेवीत आणि कोणालाही त्यांना हात लावू देत नसत. एकदा मी एक दांडा उचलून भलत्याच जागी ठेवला, तेव्हा काका रागावले नाहीत. पण त्यांनी ओळ पुन्हा लावली आणि मला समजावून सांगितले, की प्रत्येक दांड्याचे घर ठरलेले असते. एकाचा दांडा दुसऱ्याच्या घरात घातला, की दोन्ही वाया गेले म्हणून समजावे.

त्या ट्रेमागे एक माणूस उभा आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आपण कलाशाखेचे विद्यार्थी. थोरामोठ्यांची चरित्रे म्हटली, की कवी, समाजसुधारक आणि राजकारणी आपल्या डोळ्यांपुढे येतात. म्हणूनच यंदाच्या अंकासाठी एका कारागिराचे चरित्र निवडले आहे.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी दक्षिण जर्मनीत उल्म शहराजवळच्या आल्बेक या खेड्यात झाला. घरची शेती होती आणि प्रवाशांना उतरण्याची खाणावळही होती. बारा भावंडांत रॉबर्ट अकरावे. शाळेत त्यांचे मन फारसे रमले नाही. उल्ममधील एका यंत्रकारागिराकडे ते उमेदवारीला राहिले. पण तेथे शिकवण्याकडे कोणाचे लक्षच नव्हते. ही उणीव त्यांच्या मनात घर करून राहिली आणि पुढे स्वतःच्या कारखान्यात उमेदवार घेताना त्यांनी शिक्षणाची नीट व्यवस्था लावली. स्वतः भोगलेला अन्याय पुढच्यांवर न उगवणे, हा मोठेपणाच नव्हे काय?

स्टुटगार्टच्या तंत्रविद्यालयात काही काळ व्याख्याने ऐकून १८८४ साली ते अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या उद्योगाशी संबंधित कारखान्यात त्यांनी काम केले. मग इंग्लंडमध्ये सीमेन्स बंधूंकडे. १८८६ च्या १५ नोव्हेंबरला त्यांनी स्टुटगार्टमधील एका घराच्या मागच्या अंगाला स्वतःची कार्यशाळा थाटली. भांडवल दहा हजार मार्क. हाताखाली एक कारागीर आणि एक पोऱ्या. टेलिफोन दुरुस्त कर, विजेच्या घंटा बसव, असली किरकोळ कामे मिळत. गिऱ्हाइकांकडे लवकर पोचता यावे म्हणून ते सायकल वापरीत. पहिली दहा वर्षे तर ओढगस्तीतच गेली.

त्यांचा उत्कर्ष झाला तो मॅग्नेटोमुळे. इंजिनात ठिणगी पाडणारे हे यंत्र त्यांनी १८८७ मध्ये एका जागी बसवायच्या इंजिनासाठी बनवले. १८९७ मध्ये ते प्रथमच एका स्वयंचलित तीनचाकीवर बसले आणि १९०२ मध्ये त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो व स्पार्क प्लग सिद्ध केला. मोटारींचे युग सुरू झाले होते आणि प्रत्येक मोटारीला भरवशाची ठिणगी हवी होती! १९०६ मध्ये एक लाखावा मॅग्नेटो बाहेर पडला. त्याच वर्षी बॉश यांनी आपल्या कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. इतर कारखानदार त्यांना 'लाल बॉश' म्हणू लागले. काटकसर मात्र अशी, की जमिनीवर पडलेली टाचणीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. फाजील खर्च त्यांना खपत नसे आणि सदोष माल तर त्याहून नाही. ज्या वस्तूवर आपले नाव आहे ती दुसऱ्याच्या हातात फसली, तर तो आपलाच अपमान, अशी त्यांची धारणा होती.

आता त्या ट्रेमधल्या दांड्यांकडे वळू. १९२० नंतर अमेरिकेतून स्वस्त बॅटरी-इग्निशन आले आणि मॅग्नेटोचे दिवस भरत आल्याची चिन्हे दिसू लागली. १९२२ च्या अखेरीस बॉश यांनी निर्णय घेतला, की डिझेल इंजिनासाठी इंधन फवारणारा पंप बनवायचा. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन काटकसरी खरे. पण सुरुवातीच्या पद्धतीत इंधन आत ढकलायला दाबलेल्या हवेचा अवजड सरंजाम लागे. ते जहाजावर शोभे, मालमोटारीवर नव्हे. १९२३ मध्ये पंपाचे अनेक आराखडे तयार झाले, कित्येक टाकून द्यावे लागले आणि १९२७ च्या ३० नोव्हेंबरपर्यंत पहिल्या एक हजार पंपांची तुकडी तयार झाली. त्या वेळी बॉश यांचे वय ६६ वर्षांचे होते.

या पंपाची किमया समजायला सोपी, करायला महाकठीण. प्रत्येक सिलिंडरसाठी एक दांडा, म्हणजे प्लंजर. तो आपल्या नळीत वरखाली होतो. दोघांमध्ये फट असते ती मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतकीच. रबराचे वा चामड्याचे वायसर नाही. केवळ घासून घासून जुळवलेले पोलाद! म्हणून ही जोडी आयुष्यभराची. प्लंजरच्या अंगावर एक तिरकी खाच असते. दातेरी पट्टी सरकली, की प्लंजर किंचित फिरतो, खाच नळीच्या भोकासमोर लवकर किंवा उशिरा येते आणि तेवढेच कमी किंवा जास्त इंधन आत जाते.

१९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझ २६० डी ही डिझेल मोटार बॉशच्या पंपावर धावली. पेट्रोलसाठी केलेला याच जातीचा पंप १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएल या पंखांसारखी दारे असलेल्या मोटारीत बसला. ती गाडी पाहायला बॉश हयात नव्हते. पण आज जगभरचे शौकीन अशा जुन्या गाड्या जिवापाड जपतात, आणि त्यांचे पंप दुरुस्त करताना बॉश यांच्या स्वभावाचीच परीक्षा द्यावी लागते. गाडी काळा धूर सोडते, थंडीत सुरू होत नाही, की उतावळा मनुष्य आधी पंप उघडतो. जाणता मिस्त्री पंपाला सर्वांत शेवटी हात लावतो. आधी ठिणगी, व्हॉल्व्हमधली फट, सिलिंडरचा दाब, इंधनाचा फिल्टर आणि पंप व हवेची झडप यांना जोडणाऱ्या दांड्यांचा मेळ तपासतो. दोष बहुधा तेथेच सापडतो. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल सुकून त्याचा चिकटा होतो आणि प्लंजर अडकतो. तेथे हातोडी चालत नाही. द्रावणात भिजत घालून वाट पाहावी लागते. मग सगळे भाग आपापल्या घरी परतवून पंप चाचणी-यंत्रावर चढवतात, प्रत्येक नळीतून पडणारे इंधन काचेच्या मापात मोजतात आणि सगळी मापे जुळेपर्यंत हात थांबवत नाहीत.

येथवर हे चरित्र उजळ आहे. पण चरित्र लिहायचे तर सावलीही लिहिली पाहिजे. पहिल्या महायुद्धात त्यांच्या कारखान्याला अमाप नफा झाला. तो अंगाला लागू नये म्हणून त्यांनी नेकर नदीच्या कालव्यासाठी मोठी देणगी दिली. १९२१ मध्ये तरुण मुलगा दीर्घ आजाराने गेला. पुढे फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात सलोखा व्हावा म्हणून ते झटले. परंतु १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. बॉश यांना ती राजवट नको होती. त्यांनी राजवटीचे विरोधक कार्ल गोएर्डेलर यांना सल्लागार म्हणून आश्रय दिला. त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यूंना देशाबाहेर निसटण्यास साहाय्य केले. आणि तरीही त्यांचा कारखाना युद्धसामग्री बनवीत राहिला. मेसरश्मिट लढाऊ विमान एकदम खाली सूर मारी तेव्हा त्याचे इंजिन बंद पडत नसे, याचे कारण इंधन फवारणारा पंपच होता. युद्धकाळात बॉशच्या कारखान्यांत सुमारे वीस हजार लोकांना सक्तीने राबवले गेले. आठ तासांचा दिवस देणाऱ्याच्याच नावाखाली हे घडले! १२ मार्च १९४२ रोजी ते वारले, आणि ज्या राजवटीला ते मनातून विरोध करीत होते तिनेच त्यांची अंत्ययात्रा शासकीय इतमामाने काढली. नियतीची याहून क्रूर थट्टा कोणती?

बॉश यांच्या इच्छेला अनुसरून आज त्या उद्योगाची बहुतांश मालकी एका सार्वजनिक न्यासाकडे आहे. आपल्या देशाशी त्यांचे नाते १९२२ मध्ये कलकत्त्यात जुळले. १९५१ मध्ये बंगळूरला 'मायको' स्थापन झाली आणि पुढे नाशिकलाही तिचा कारखाना उभा राहिला. आमच्या मिस्त्रीकाकांच्या ट्रेमधले प्लंजर त्याच वंशाचे.

कामातच देव पाहणारे सावता माळी आणि गोरा कुंभार आपल्याला परके नाहीत. बॉश त्या पंक्तीत बसतील काय? मला वाटते, अर्धे बसतील. हाताचे काम निर्दोष करणे ही मोठी साधना आहे. पण ते काम कोणाच्या हाती पडते हे पाहणे ही दुसरी साधना, आणि ती पहिलीहून अवघड. पंपातली फट हजारांश मिलिमीटरपर्यंत मोजता येते. माणूस आणि त्याची राजवट यांच्यातले अंतर किती असावे, हे मोजणारे यंत्र मात्र कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.

परवा सुट्टीत गावी गेलो तेव्हा काकांच्या दुकानात डोकावलो. संगणकावर चालणाऱ्या नव्या गाड्यांमुळे जुने पंप आता कमी येतात. तरीही ट्रेमध्ये सहा दांडे ओळीने मांडलेले होते. या वेळी मी हात लावला नाही.