श्रीगोंद्याचे शेख महंमदबाबा

मराठी संतांची नावे विचारली तर शाळेतला कोणताही विद्यार्थी ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम अशी नावे एका दमात सांगेल. त्याच मालिकेतले शेख महंमद हे नाव मात्र आपल्या समाजातल्याही थोड्याच मुलांना ठाऊक असते. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदे ही त्यांची कर्मभूमी. काळ सोळाव्या-सतराव्या शतकाचा, निजामशाहीच्या उतरणीचा.

त्यांच्या बालपणाची एक कथा सांगतात. बकरे कापण्याची वेळ आली तेव्हा या मुलाने सुरी आधी स्वतःच्या बोटावर चालवून पाहिली. वेदना काय असते ते कळले आणि सुरी कायमची खाली ठेवली. कथा खरी-खोटी असो, पुढे विचारांच्या बाबतीतही त्यांनी हेच केले. प्रत्येक मत आधी स्वतःवर आजमावून पाहिले.

त्यांचे मुर्शिद चाँद बोधले हे कादरी परंपरेतले सूफी. एकनाथांचे गुरु जनार्दनस्वामी हेही चाँद बोधल्यांचेच शिष्य, असे परंपरा मानते. म्हणजे सूफी, दत्तभक्त आणि भागवतधर्मी एकाच उंबरठ्यावर भेटत होते! शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी शेख महंमदांना गुरुस्थानी मानले आणि श्रीगोंद्यात मठ बांधून दिला, असेही सांगतात. याच मालोजीराजांनी शाहशरीफ या अवलियाच्या नावावरून आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही गोष्ट तर आपण ऐकलेलीच आहे.

1645 साली शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ हा ओवीबद्ध ग्रंथ पूर्ण केला. नावातला योग हिंदू साधनेचा; पण संग्राम कोणाशी? तर माणसाच्या आतल्या काम, क्रोध, अहंकाराशी. सूफी ज्याला नफ्सशी झुंज म्हणतात तीच ही लढाई, योग्याच्या परिभाषेत मांडलेली. ज्याला मुसलमान पीर म्हणतात त्यालाच मराठे सद्गुरु म्हणतात, असे त्यांनी सरळ सांगितले. अल्ला आणि निर्गुण ब्रह्म ही त्यांच्या लेखी एकाच निराकाराची नावे होती.

येथे एखादा शंका घेईल की हे म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. वाचकहो, मला तसे वाटत नाही. चिंध्या गोळा करणारा काहीच नाकारीत नाही. शेख महंमदांनी पुष्कळ नाकारले. तौहीद ही त्यांची चाळण होती. वेदान्त, योग, भक्ती यांतले जे तिच्यातून खाली उतरले ते घेतले, उरले ते टाकले. दैवतांपुढे रक्त सांडणाऱ्यांना त्यांनी फटकारले, तसेच नुसत्या वेषावर पोट भरणाऱ्या फकिरांनाही सोडले नाही. आपण जन्माने अविंध आहोत, हेही त्यांनी कधी लपविले नाही. पुष्कळ ठिकाणांहून घ्यायचे तर घेणाऱ्याजवळ स्वतःचे माप असावे लागते. ते ज्याच्याजवळ नाही तो एकाच ग्रंथाला चिकटून राहिला तरी गोंधळणारच.

अशा माणसाची अडचण ही की त्याला दोन्ही बाजूंकडून पूर्ण आपले असे कोणी म्हणत नाही. हिंदूंनी त्यांना कबीराचा अवतार मानले. आपल्यातल्या कित्येकांना त्यांच्या ओव्यांतली योगाची भाषाच खटकते. त्यांच्या समाधिस्थळाला मठ म्हणावे की दर्गा, यावरून अलीकडे वादही झाले आहेत. वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांनी ‘योगसंग्राम’ उघडून पाहिला असेल, कोण जाणे!

सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे त्या समर्थ रामदासांनी मात्र शेख महंमदांची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी त्यांचे साहित्य संपादून छापले. ‘योगसंग्रामा’चे प्रसंग अठरा आहेत. भाषा जुनी आहे, शब्दकोश जवळ घेऊन बसावे लागते. पण दहावीच्या मुलाला शिक्षकाच्या मदतीने पहिला प्रसंग समजण्यास हरकत नाही.